रॉ फाइलचं कुलूप

कॅमेऱ्यातली एनईएफ किंवा सीआर२ अशी रॉ फाइल संकेतस्थळावर चढवायची आणि थोड्या वेळात जेपेग उतरवून घ्यायची, याची आता सवय झाली आहे. फुकट मिळणाऱ्या या सोयीची मुळं पन्नास वर्षं मागे जातात, आणि तिचं बरंचसं श्रेय एका माणसाच्या चिकाटीला आहे.

कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांना १९७६ साली एका रंगजाळीचं पेटंट मिळालं. कॅमेऱ्याच्या सेन्सरला रंग कळत नाही, उजेड किती पडला एवढंच कळतं. म्हणून बायर यांनी प्रत्येक पिक्सेलवर एकाच रंगाचा फिल्टर ठेवला: चार पिक्सेलमागे दोन हिरवे, एक लाल, एक निळा. हिरव्याला दुप्पट जागा दिली, कारण आपला डोळा बारकावे टिपतो ते मुख्यतः हिरव्या उजेडातून. आजही बहुतेक कॅमेऱ्यांत हीच जाळी असते. मात्र यामुळे प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो. उरलेले दोन शेजारच्या पिक्सेलांवरून हिशेबाने काढावे लागतात.

हा हिशेब होण्याआधीची मोजणी म्हणजे रॉ फाइल. १४ बिटांच्या फाइलमध्ये एका पिक्सेलला उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या मिळतात. नेहमीच्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६. सावलीत बुडालेला चेहरा रॉमधून वर काढता येतो तो या जादा पायऱ्यांमुळे.

पण ही मोजणी लिहून ठेवायची पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी, आणि तिचा तपशील सहसा कंपनीच्या बाहेर येत नसे. १९९७ साली डेव्ह कॉफिन या अमेरिकी प्रोग्रामरने 'डीसीरॉ' लिहायला घेतला. कुठल्याही कॅमेऱ्याची रॉ फाइल कुठल्याही संगणकावर उघडली पाहिजे, हा त्याचा ध्यास. सारा प्रोग्राम सी भाषेतल्या एकाच फाइलमध्ये. नवा कॅमेरा आला की त्याच्या फाइलमधले आकडे उलगडत बसायचं आणि ते ज्ञान सगळ्यांसाठी खुलं ठेवायचं. कितीतरी सॉफ्टवेअरनी पुढे हाच कोड उचलला.

पद्धती वेगळ्या असल्या, तरी अशा फाइली आतून पाहिल्या तर त्यांचं आपसातलं नातं लगेच कळतं. सीआर२ किंवा एनईएफच्या सुरुवातीला 'आयआय' किंवा 'एमएम' अशी दोन रोमन अक्षरं असतात आणि लगेच ४२ हा आकडा. पुढचे आकडे इंटेलच्या क्रमाने वाचायचे की मोटोरोलाच्या, हे ती अक्षरं सांगतात. हा शिक्का टिफचा, म्हणजे १९८६ मध्ये आल्डस कंपनीने आणलेल्या फॉरमॅटचा.

२००४ मध्ये अॅडोबीने टिफच्याच पायावर डीएनजी हा खुला रॉ फॉरमॅट आणला. लायका आणि पेंटॅक्सने तो कॅमेऱ्यात घेतला. कॅनन, निकॉन, सोनी आपापल्या वाटेनेच गेले. २००५ मध्ये तर निकॉनच्या डी२एक्स कॅमेऱ्याच्या फाइलमध्ये व्हाइट बॅलन्सचे आकडे कूटबद्ध असल्याचं उघड झालं. कॉफिनने तेही उलगडले. फोटो काढणाऱ्याने टिपलेल्या उजेडाला कॅमेरा विकणाऱ्याने कुलूप घालावं, हे मला तेव्हाही पटण्याजोगं नव्हतं, आजही नाही.

डीसीरॉची शेवटची आवृत्ती २०१८ ची. त्यातूनच निघालेली 'लिबरॉ' ही सॉफ्टवेअर लायब्ररी पुढची कामगिरी सांभाळते आहे, आणि फाइल बदलून देणाऱ्या अनेक सेवा पडद्याआड तिच्यावरच चालतात.

सगळ्याच सेवा मात्र तेवढे कष्ट घेत नाहीत. मागच्या पडद्यावर दाखवण्यासाठी कॅमेरा रॉ फाइलच्या पोटात एक तयार जेपेग ठेवतो. घाईतली सेवा तेवढीच उपसून हातात देते. रंग, उठाव सारं कॅमेऱ्याने आधीच ठरवलेलं. मिळालेल्या चित्राची लांबी-रुंदी पिक्सेलमध्ये तपासा. ती कॅमेऱ्याच्या मापापेक्षा बरीच कमी भरली, तर मूळ मोजणीला कुणी हातही लावलेला नसण्याचीच शक्यता जास्त. पुढे फोटोवर काम करायचं असेल, तर जेपेगऐवजी १६ बिटांची टिफ मागून घ्यावी आणि मूळ रॉ जपून ठेवावी.