पोलीस शिपाई भरती: पगार ठरलेला, पण ड्यूटीचे तास कोण ठरवणार?

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील बौद्ध वस्त्यांमध्ये बारावी झालेली मुले-मुली पहाटे धावताना दिसतात. विहाराच्या अभ्यासिकेत गणित-बुद्धिमत्तेची पुस्तके उघडी असतात. पोलीस भरती हे शेतमजूर आणि हातावर पोट असलेल्या घरांतील तरुणांचे मोठे स्वप्न आहे. २०२४ च्या भरतीत राज्यभरातील १७,४७१ पदांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले होते. म्हणजे एका जागेमागे साधारण शंभर उमेदवार.

भरतीची तयारी कशी करावी हे सांगणारे पुष्कळ आहेत. भरती झाल्यावर हातात काय येते, नोकरीच्या अटी काय असतात, आणि घरच्यांनी कोणती तयारी ठेवावी हे मात्र कमी सांगितले जाते. आमच्याकडे येणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न एकच असतो, "हातात किती भेटतात?" त्या प्रश्नापासूनच सुरुवात करू.

पगार किती?

सातव्या वेतन आयोगानुसार पोलीस शिपायाचा वेतनस्तर एस-७ आहे. मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून सुरू होते आणि या स्तराची कमाल मर्यादा ६९,१०० रुपये आहे. दरवर्षी साधारण तीन टक्के वेतनवाढ मिळते. म्हणजे पहिल्या वाढीनंतर २२,४००, दुसऱ्या वाढीनंतर २३,१०० असे मूळ वेतन चढत जाते.

मूळ वेतनावर महागाई भत्ता मिळतो. १ जानेवारी २०२५ पासूनचा ५५ टक्के दर धरला तर हिशेब असा होतो:

– मूळ वेतन: २१,७०० रुपये
– महागाई भत्ता: ११,९३५ रुपये
– दोन्ही मिळून: ३३,६३५ रुपये
– निवृत्तिवेतन योजनेची १० टक्के कपात: सुमारे ३,३६३ रुपये
– व्यवसाय कर: २०० रुपये

घरभाडे आणि इतर भत्ते न धरता हातात तीस हजारांच्या आसपास रक्कम राहते. त्यातून गट विम्यासारख्या लहान कपाती होतात. पोलीस वसाहतीत सरकारी घर मिळाले तर घरभाडे भत्ता मिळत नाही. घर मिळाले नाही तर शहराच्या वर्गाप्रमाणे तो मिळतो. गणवेश, धुलाई वगैरे भत्ते वेगळे असतात. महागाई भत्त्याचा दर बदलला की वरचे आकडेही बदलतात.

अकादमीच्या जाहिरातीत किंवा लग्नाच्या बैठकीत "पन्नास हजार पगार" असे सांगितले जाते. नव्या शिपायाच्या बाबतीत ते खरे नाही. पगार सन्मानाचा आहे, पण त्यावर घर, गाडी आणि बहिणीचे लग्न ही तिन्ही कर्जे एकदम पेलत नाहीत.

पहिले वर्ष: प्रशिक्षण

निवड झाल्यावर मूलभूत प्रशिक्षण होते. ते सर्वसाधारणपणे नऊ महिन्यांचे असते. राज्यात खंडाळा, नानवीज, जालना, तुरची, सोलापूर, बाभळगाव, धुळे, मरोळ, नागपूर अशी प्रशिक्षण केंद्रे आहेत. अकोल्याजवळ गडंकी येथेही केंद्र आहे. वऱ्हाडातील मुलाला घराजवळचेच केंद्र मिळेल असे नाही.

प्रशिक्षणाच्या काळातही पगार मिळतो. परंतु नव्या कर्मचाऱ्याची 'सेवार्थ' प्रणालीत नोंद आणि निवृत्तिवेतन खात्याचा क्रमांक ही कामे पूर्ण होईपर्यंत पहिला पगार लांबू शकतो. मेसचा खर्च स्वतःच करायचा असतो. म्हणून दोन-तीन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवून मुलाला पाठवावे. मुलगा "नोकरीला लागला" म्हणून पहिल्याच महिन्यापासून त्याच्याकडून पैशाची अपेक्षा धरू नये.

कोणत्या घटकात अर्ज करावा?

अमरावती शहर आयुक्तालय, अमरावती ग्रामीण आणि अकोला जिल्हा हे भरतीचे वेगवेगळे घटक आहेत. अर्ज ज्या घटकात केला, नोकरीही तेथेच होते. जिल्हा बदलून घेणे सोपे नसते. अमरावती ग्रामीणमध्ये निवड झाली तर धारणी किंवा चिखलदऱ्याला नेमणूक होऊ शकते. अकोल्यात तेल्हारा किंवा पातूरला होऊ शकते. तेथे राहण्याची सोय, मुलांची शाळा आणि म्हाताऱ्या आई-वडिलांचा दवाखाना यांचा विचार आधीच करावा.

अमरावतीत राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक ९ आहे. त्याची भरती वेगळी असते आणि त्यात पाच किलोमीटर धावावे लागते. या दलाच्या तुकड्या बंदोबस्तासाठी राज्यात कुठेही जातात. घरापासून दीर्घकाळ दूर राहावे लागते हे गृहीत धरूनच तो पर्याय निवडावा.

ड्यूटी किती तास?

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम २८ नुसार पोलीस कर्मचारी सदैव कर्तव्यावर असल्याचे मानले जाते आणि त्याला राज्यात कुठेही कामावर पाठवता येते. कारखान्यातील कामगाराप्रमाणे त्याच्या दिवसाला कायद्याने ठरवलेली तासांची मर्यादा नाही. कॉमन कॉज आणि सीएसडीएस यांच्या २०१९ च्या देशव्यापी अहवालात पोलीस कर्मचारी दिवसाला सरासरी १४ तास काम करतात असे आढळले होते.

बदलाचे प्रयत्न झाले आहेत. मुंबईत २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यातून आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग सुरू झाला. महिला पोलिसांसाठी आठ तासांची ड्यूटी २०२१ मध्ये ज्या ठिकाणी प्रथम सुरू झाली त्यांत अमरावती शहर होते, ही आपल्या भागासाठी अभिमानाची बाब आहे. मात्र असे निर्णय मनुष्यबळावर आणि त्या त्या वेळच्या अधिकाऱ्यावर अवलंबून राहतात. बंदोबस्त लागला की आठाचे बारा व्हायला वेळ लागत नाही.

आणि आपल्याकडे बंदोबस्त कमी नाही. अकोल्याची श्रावणातील कावड यात्रा, अमरावतीचा अंबादेवीचा नवरात्र, गणेश विसर्जन, निवडणुका हे तर दरवर्षीचे. त्याशिवाय नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि मे २०२३ मध्ये अकोल्यात दंगलसदृश परिस्थिती झाली. अशा वेळी रजा बंद होतात आणि शिपाई दिवसेंदिवस रस्त्यावर उभा असतो. १४ एप्रिलला सारा समाज मिरवणुकीत असतो तेव्हा आपला मुलगा त्याच मिरवणुकीच्या बंदोबस्ताला असतो. घरच्यांनी याची मनाची तयारी ठेवावी.

रजा आणि इतर हक्क

पोलिसांच्या नैमित्तिक रजा २०२२ मध्ये १२ वरून २० दिवस करण्यात आल्या. याशिवाय वर्षाला ३० दिवस अर्जित रजा आणि २० दिवस अर्धपगारी रजा खात्यावर जमा होते. महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची प्रसूती रजा आहे. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी काम केल्यास मोबदल्याची तरतूद आहे. खात्यावर रजा असणे आणि ती मंजूर होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून रजेचा अर्ज तोंडी न करता लेखी करावा आणि त्याची प्रत जवळ ठेवावी.

आजारपणासाठी महाराष्ट्र पोलीस कुटुंब आरोग्य योजना आहे. ती ठरावीक आजार आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांपुरती आहे. आपल्या शहरातील कोणती रुग्णालये यादीत आहेत हे रुजू होताच विचारून घ्यावे. पगार खात्यावर अपघात विमा असतो. त्याचे वारस नामनिर्देशन पहिल्याच महिन्यात करावे.

१ नोव्हेंबर २००५ नंतर रुजू झालेल्यांना जुनी पेन्शन नाही. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत कर्मचाऱ्याचे १० टक्के आणि शासनाचे १४ टक्के जमा होतात. मार्च २०२३ च्या संपानंतर राज्य शासनाने सुधारित योजनेचा पर्याय आणला. कोणता पर्याय निवडायचा हे कार्यालयातील जाणत्या लिपिकाकडून नीट समजून घेऊनच ठरवावे.

पदोन्नतीत आता पोलीस नाईक हा टप्पा राहिलेला नाही. शिपाई, हवालदार, सहायक उपनिरीक्षक, उपनिरीक्षक असा मार्ग आहे. पदोन्नती लांबली तरी १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर आश्वासित प्रगती योजनेचा लाभ मिळतो.

जातीचा दाखला

अनुसूचित जातींना सेवाभरतीत १३ टक्के आरक्षण आहे. १९९० मध्ये केंद्राने बौद्धांचा अनुसूचित जातींच्या आदेशात समावेश केला. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर फक्त "बौद्ध" लिहिलेले असेल तर वडील-आजोबांचे जुने महसुली किंवा शालेय पुरावे लागतात. जात पडताळणीचे काम निवड यादी लागल्यावर सुरू करू नये. आजच करावे. भरतीपूर्व प्रशिक्षणासाठी बार्टीच्या योजनांची चौकशी करावी. कर्ज काढून खासगी अकादमी गाठणे हा शेवटचा पर्याय असावा.

या नोकरीमागचा इतिहास

१९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने दख्खनच्या महारांच्या परिषदेने भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. सरकारी नोकरीच्या खालच्या जागा, लष्कर आणि पोलीस शिपायाची नोकरी आम्हाला खुली करा, ही त्यातील मागणी होती. आज गणवेशात उभी असलेली आपली मुलगी ही त्या मागणीची पूर्तता आहे.

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाचा प्रश्न मांडला. वतनदार महाराला दिवस-रात्र केव्हाही कामाला बोलावता येई, त्याच्या कामाचे तास नव्हते, आणि मोबदला तुटपुंजा होता. सन्मानाच्या नोकरीला निश्चित पगार हवा, तसेच निश्चित कामही हवे, हा त्या लढ्याचा अर्थ आम्ही घेतो. पुढे मजूरमंत्री म्हणून त्यांनी कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आणणारे विधेयक मांडले. ते १९४६ मध्ये कायदा झाले.

पोलीस शिपायाला पगार, हुद्दा आणि आरक्षण मिळाले. तासांची हमी अजून मिळालेली नाही. पोलीस दलाच्या हक्कांवर निर्बंध घालणाऱ्या १९६६ च्या कायद्यामुळे त्याला परवानगीशिवाय संघटना करता येत नाही. मुंबईत १९८२ मध्ये पोलिसांच्या संघटनेचे आंदोलन मोडून काढले गेले, त्यानंतर शिपायाच्या बाजूने बोलणारे खात्यात कुणी उरले नाही. जो स्वतः मागू शकत नाही, त्याच्यासाठी समाजाने मागायचे असते.

म्हणून आमचे म्हणणे असे. आमदार-खासदारांकडे भरतीच्या जागा वाढवण्याची मागणी करताना आठ तासांची ड्यूटी सर्वांसाठी आणि नियम म्हणून मागा. रिक्त जागा भरल्या तरच तास कमी होतील, त्यामुळे या दोन मागण्या एकच आहेत. आणि घरातला शिपाई बारा-चौदा तासांनी परत आला, तर त्याच्यापुढे कर्जाचा हप्ता ठेवण्याआधी त्याला झोपू द्या.

जय भीम.