कृष्णधवल छायाचित्रण फिल्म

कृष्णधवल छायाचित्रण फिल्म : पारदर्शक व लवचीक आधारपट्टीवर प्रकाशसंवेदी पायसाचा पातळ थर देऊन तयार केलेले आणि वस्तूची प्रतिमा केवळ काळ्या, पांढऱ्या व करड्या छटांत नोंदविणारे माध्यम. एकाच कॅमेऱ्यात निरनिराळ्या फिल्म वापरता येत असल्याने छायाचित्रकाराला फिल्मची निवड करावी लागते आणि बहुतेक अनुभवी छायाचित्रकार अखेरीस एकदोन फिल्मवरच स्थिरावतात. ही निवड वरवर पाहता वैयक्तिक आवडीची वाटते. परंतु तिच्यामागे वेग, कणमयता आणि वर्णसंवेदनशीलता या तीन गुणधर्मांतील तडजोड असते. फिल्मचा इतिहास हा बव्हंशी या तडजोडीच्या मर्यादा मागे हटविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

मूलभूत तत्त्व : पायसामध्ये रौप्य ब्रोमाइडाचे (थोड्या आयोडाइडासह) सूक्ष्म स्फटिक जिलेटिनात विखुरलेले असतात. त्यांचे आकारमान सामान्यतः ०·२ ते २ मायक्रॉन असते. प्रकाश पडला म्हणजे स्फटिकावर रुप्याच्या काही थोड्या अणूंचा पुंज तयार होतो. यालाच सुप्त प्रतिमा म्हणतात. विकासक द्रव्याच्या क्रियेने असा पुंज असलेल्या संपूर्ण स्फटिकाचे धातुरूप रुप्यात रूपांतर होते. मोठा स्फटिक अधिक प्रकाश ग्रहण करतो, म्हणून मोठ्या स्फटिकांची फिल्म वेगवान असते. पण त्याच स्फटिकापासून रुप्याचा कणही मोठा तयार होतो आणि चित्र वर्धित केल्यावर तो दाणेदार दिसतो. वेग हवा असेल, तर कणमयता पतकरावी लागते व सूक्ष्म तपशील हवा असेल, तर वेग सोडावा लागतो, ही अडचण येथून उद्भवते. ज्या दृश्यासाठी ५० वेगांकाच्या फिल्मला १/१५ सेकंद उद्भासन द्यावे लागते, तेथे ४०० वेगांकाच्या फिल्मला सु. १/१२५ सेकंद पुरते. हातात धरलेल्या कॅमेऱ्याने चालत्या माणसाचे स्पष्ट चित्र मिळणे वा न मिळणे या फरकावर अवलंबून असते.

वर्णसंवेदनशीलता : इंग्लंडमधील रिचर्ड लीच मॅडॉक्स (१८१६–१९०२) यांनी १८७१ मध्ये जिलेटिन-रौप्य ब्रोमाइड पायसाची पद्धत प्रसिद्ध केली. हे पायस मुख्यत्वे निळ्या व जांभळ्या प्रकाशालाच संवेदनशील होते. त्यामुळे निळे आकाश कोरे पांढरे व तांबडी वस्तू काळी दिसे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान व्हिल्हेल्म फोगेल (१८३४–९८) यांना १८७३ मध्ये असे आढळून आले की, पायसात विशिष्ट रंजकद्रव्ये मिसळल्यास त्याची संवेदनशीलता हिरव्या प्रकाशापर्यंत वाढते. यातून ऑर्थोक्रोमॅटिक पायसे तयार झाली. सर्व दृश्य रंगांना संवेदनशील अशा पँक्रोमॅटिक काचपट्ट्या लंडनमधील रॅटन अँड वेनराइट या कंपनीने १९०६ मध्ये विक्रीस आणल्या.

दरम्यान काचेची जागा फिल्म घेऊ लागली होती. हॅनिबल गुडविन (१८२२–१९००) यांनी १८८७ मध्ये सेल्युलॉइड फिल्मच्या एकस्वासाठी अर्ज केला आणि जॉर्ज ईस्टमन (१८५४–१९३२) यांच्या कंपनीने १८८९ मध्ये पारदर्शक गुंडाळी फिल्म बाजारात आणली. तथापि पँक्रोमॅटिक फिल्म सर्वत्र रूढ होण्यास बराच काळ लागला. दादासाहेब फाळके यांचा राजा हरिश्चंद्र (१९१३) हा चित्रपट तयार झाला, त्या काळी सर्वसाधारणतः मिळणारी फिल्म तांबड्या रंगाला जवळजवळ असंवेदनशील होती. अशा फिल्मवर गव्हाळ वा सावळी कांती प्रत्यक्षापेक्षा अधिक काळवंडलेली उमटे. चित्रपटासाठीची पँक्रोमॅटिक फिल्म ईस्टमन कोडॅक कंपनीच्या नियमित उत्पादनात १९२२ च्या सुमारास आली.

वेगवृद्धी : ऑस्कर बार्नाक (१८७९–१९३६) यांनी रचलेला लायका कॅमेरा १९२५ मध्ये लाइपसिक येथील जत्रेत विक्रीसाठी मांडण्यात आला. त्यातील व्यस्त प्रतिमा अवघी २४ × ३६ मिमी. असल्याने २० × ३० सेंमी.चे चित्र करताना ती आठपटींहून अधिक वर्धित करावी लागे. साहजिकच कणमयतेचा प्रश्न तीव्र झाला. त्याच वर्षी ईस्टमन कोडॅकच्या संशोधनशाळेतील सॅम्युएल शेपर्ड (१८८२–१९४८) यांनी जिलेटिनच्या काही नमुन्यांपासून वेगवान पायस का मिळते, या जुन्या कोड्याचा उलगडा केला. जिलेटिनात अत्यल्प प्रमाणात असणारी मोहरीच्या तेलातील गंधकयुक्त संयुगे याचे कारण होती; ती मोहरीवर्गीय वनस्पती खाणाऱ्या जनावरांच्या कातड्यांतून जिलेटिनात येत. या शोधामुळे पायसाचा वेग योगायोगावर न राहता नियंत्रित करता येऊ लागला. १९३६ मध्ये आग्फा कंपनीतील रोबेर्ट कोस्लोव्हस्की यांनी सुवर्णसंयुगांचा उपयोग शोधून काढला. त्यामुळे स्फटिकांचे आकारमान न वाढविता वेग दुपटीहून अधिक करता आला.

वेगमापन : फर्डिनांड हुर्टर (१८४४–९८) व व्हेरो ड्रिफील्ड (१८४८–१९१५) यांनी १८९० मध्ये उद्भासन व रुप्याची घनता यांचा संबंध आलेखाने दाखविला. याच पायावर जर्मनीत १९३४ मध्ये व अमेरिकेत १९४३ मध्ये वेगांकांची मानके ठरली. अमेरिकी मानकात न्यून उद्भासन टाळण्यासाठी सुरक्षिततेचे अंतर ठेवलेले होते. ते १९६० मध्ये काढून टाकल्यामुळे कृष्णधवल फिल्मचे वेगांक एकाएकी सु. दुप्पट झाले. १९५४ मध्ये ३५ मिमी. स्वरूपात आलेल्या कोडॅक ट्राय-एक्स फिल्मचा वेगांक २०० होता, तो अशा रीतीने ४०० झाला. फिल्मवर छापलेला अंक हा काही ठराविक अटींवर आधारलेला असतो, हे यावरून स्पष्ट होते. म्हणूनच अनेक छायाचित्रकार स्वतः चाचणी घेऊन आपल्यापुरता वेगांक निश्चित करतात. अमेरिकन छायाचित्रकार अँसल ॲडम्स (१९०२–८४) यांनी फ्रेड आर्चर यांच्या सहकार्याने १९४० च्या सुमारास मांडलेली क्षेत्रपद्धती या चाचणीवरच उभी आहे. तीनुसार उद्भासन छायाभागावरून व विकासनाचा काळ उजळ भागावरून ठरवितात.

प्रमुख फिल्म व त्यांची निवड : ट्राय-एक्स ही वृत्तछायाचित्रकारांची फिल्म ठरली. कमी प्रकाशातील वापर, उद्भासनातील चुका सहन करण्याची क्षमता आणि विकासनाचा काळ वाढवून १६०० वेगांकापर्यंत नेता येणे, ही त्याची कारणे होत. ब्रिटनमधील इलफर्ड कंपनीची एचपी मालिका १९३५ मध्ये सुरू झाली व १९७६ मध्ये तीत एचपी ५ आली. मध्यम वेगाच्या गटात कोडॅकची प्लस-एक्स व इलफर्डची एफपी ४ (१९६८), तर मंद गटात पॅनॅटॉमिक-एक्स व पॅन एफ या फिल्म निसर्गदृश्ये, वास्तुशिल्प व वस्तुचित्रण यांसाठी पसंत केल्या जात. मोठ्या आकाराच्या व्यस्त प्रतिमेला कमी वर्धन पुरत असल्याने तेथे वेगवान फिल्मची कणमयता फारशी जाणवत नाही. म्हणजेच कॅमेऱ्याचा आकार हाही निवडीतील एक घटक आहे. विकासकही तितकाच महत्त्वाचा असतो. आग्फाच्या रोडिनालमुळे (१८९१) कण ठसठशीत व कडा रेखीव दिसतात, तर कोडॅकच्या डी-७६ मुळे (१९२७) कण तुलनेने सौम्य राहतात.

चपटे स्फटिक : कोडॅक कंपनीने १९८६ मध्ये टी-मॅक्स फिल्म आणल्या. त्यांतील स्फटिक चपटे असल्याने तेवढ्याच रुप्याला प्रकाशग्रहणासाठी अधिक पृष्ठभाग मिळतो व त्यावर रंजकद्रव्यही अधिक बसते. परिणामी ४०० वेगांकावरही कण बारीक राहतात. इलफर्डच्या डेल्टा मालिकेत (१९९० पासून) अशाच प्रकारचे तंत्र आहे. मोजमापाच्या दृष्टीने या फिल्म सरस असूनही ट्राय-एक्स व एचपी ५ मागे पडल्या नाहीत. नव्या फिल्मना उद्भासनात व विकासनात अधिक काटेकोरपणा लागतो, हे याचे एक कारण आहे. दुसरे कारण असे की, पूर्वी दोष मानली गेलेली कणमयता तोपर्यंत कृष्णधवल चित्राचे लक्षण बनली होती. ब्राझीलचे सेबास्तिआंव साल्गादो (१९४४–२०२५) यांनी दीर्घकाळ ट्राय-एक्स वापरल्यानंतर अंकीय कॅमेरा स्वीकारला; मात्र त्याच फिल्मचा पोत त्यांनी आपल्या अंकीय चित्रांत आणला.

भारतातील स्थिती : भारतात निवडीवर हवामान व पुरवठा यांची बंधने होती. विकासन साधारणपणे २०° से. तापमानाला करावयाचे असते. उन्हाळ्यात नळाचे पाणीच ३०° से.पेक्षा अधिक तापत असल्याने जिलेटिनाचा थर फुगून मऊ पडे. त्यासाठी बर्फाचा किंवा थर कठीण करणाऱ्या द्रव्यांचा उपयोग करावा लागे. आयातीवरील निर्बंधांमुळे परदेशी फिल्म दुर्मिळ व महाग असत. अशा परिस्थितीत केंद्र सरकारने १९६० मध्ये हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही कंपनी उदकमंडलम् (उटकमंड) येथे स्थापन केली. तेथील थंड व धूळविरहित हवा या उत्पादनास अनुकूल होती. फ्रेंच तांत्रिक सहकार्याने १९६७ मध्ये उत्पादन सुरू झाले व ‘इंडू’ या नावाची कृष्णधवल फिल्म देशभर विकली जाऊ लागली. लहान गावांतील छायाचित्रकारांच्या दृष्टीने निवडीचा प्रश्न पुष्कळदा दुकानात जी फिल्म मिळेल तिच्यापुरताच राहत असे. १९९६ मध्ये ही कंपनी आजारी उद्योग म्हणून घोषित झाली व पुढे तिचे उत्पादन बंद पडले.

अंकीय छायाचित्रणानंतर : २००० नंतर फिल्मचा खप झपाट्याने घटला. २००४ मध्ये इलफर्डच्या ब्रिटनमधील व्यवसायावर आर्थिक संकट आले; २००५ मध्ये तेथील व्यवस्थापकांनीच कृष्णधवल विभाग विकत घेऊन हार्मन या नावाने चालू ठेवला. त्याच वर्षी आग्फाफोटो दिवाळखोरीत गेली. प्लस-एक्सचे उत्पादन २०११ पर्यंत थांबले आणि जानेवारी २०१२ मध्ये ईस्टमन कोडॅकने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. ट्राय-एक्सचे उत्पादन मात्र चालू राहिले. जपानच्या फुजीफिल्म कंपनीने २०१८ मध्ये ॲक्रॉस १०० बंद केली. पण मागणीमुळे २०१९ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आणली.

विशिष्ट फिल्मचा स्वभाव अंगवळणी पडण्यास छायाचित्रकाराला अनेक वर्षे लागतात. पायसाचे घटक व ते बनविण्याची कृती ही मात्र उत्पादकाची गुपिते असतात. एखादी फिल्म बंद झाली म्हणजे तिच्याशी जुळलेले उद्भासनाचे व विकासनाचे कौशल्यही बऱ्याच अंशी निरुपयोगी ठरते. यामुळे आज फिल्म निवडताना वेग, कणमयता व वर्णसंवेदनशीलता यांच्या जोडीला ती पुढेही मिळत राहील काय, हा चौथा निकषही विचारात घ्यावा लागतो.