खेळणारे आणि पाहणारे

आपल्या देशात आज जितके लोक खेळ पाहतात, तितके पूर्वी कधीही पाहत नव्हते. आणि त्याच वेळी, ज्यांच्या शरीराला आवश्यक तेवढीही हालचाल घडत नाही, अशांची संख्या सारखी वाढत चालली आहे. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ साली एक जगव्यापी पाहणी प्रसिद्ध झाली. आठवड्यातून निदान १५० मिनिटे बेताचे श्रम, हे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रौढांसाठीचे माप. त्या मापाला न उतरणारे भारतीय २००० साली शेकडा २२ च्या आसपास होते, तर २०२२ साली ते शेकडा ४९ च्या वर गेले, असा त्या पाहणीचा अंदाज आहे.

ह्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की उत्तर ओठांवर तयारच असते : मोबाईलने खेळ मारला. हे उत्तर सोपे आहे, आणि घरातल्या मुलांवर रागावायला सोयीचेही आहे. परंतु खेळणारा एकीकडे आणि पाहणारा दुसरीकडे, ही फाळणी काही मोबाईलने केलेली नाही. तिला शंभर वर्षांहून अधिक इतिहास आहे. तो पायरीपायरीने तपासला, तर आपले नेमके काय हरवले आणि काय हाती लागले, हे अधिक नीट कळेल, असे आम्हांस वाटते.

आरंभ आपल्या तालमीपासून करू. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट दादा देवधर यांनी मल्लखांबाची विद्या नावारूपाला आणली, तेव्हापासून महाराष्ट्रातील व्यायामाची परंपरा सलग सांगता येते. तालीम ही केवळ शरीर कमावण्याची जागा नव्हती. तेथे वस्ताद होता, त्याचा धाक होता, एकमेकांचे अंग रगडून देणारे सोबती होते, हौद्यातली माती उकरण्याची पाळी होती. कोणी चार दिवस दिसला नाही तर त्याच्या घरी चौकशी जाई. आज ज्याला आपण मानसिक स्वास्थ्य म्हणतो, त्याचा पुष्कळसा भाग अशा चौकशीतूनच सांभाळला जात होता. पाहणारे तेथेही असत, पण ते हौद्याच्या काठावर बसत, आणि आजचा पाहणारा उद्याचा खेळणारा असे. १९०६ साली पुण्यात डेक्कन जिमखाना निघाला, १९१४ साली अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघाले. खोखोचे नियम जिमखान्याने बांधले, आणि १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या मंडळाने आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली.

तथापि ह्या चित्राला सोनेरी चौकट घालण्याची घाई करू नये. तालमीचे दार स्त्रियांना बंद होते. मंगळागौरीची फुगडी आणि झिम्मा हाच त्यांचा व्यायाम, आणि तोही वर्षातून मोजक्या रात्री. जातीची उतरंड तर पुष्कळ ठिकाणी हौद्याच्या काठाशी येऊन थांबत नसे, आतही उतरत असे. ‘पूर्वी सगळे खेळत होते’ हे विधान म्हणूनच खरे नाही. ज्यांना खेळू दिले जात होते ते खेळत होते, एवढेच खरे.

पाहणाऱ्यांचा वेगळा समुदाय तयार झाला तो ह्यापुढच्या पायरीवर. राजर्षी शाहू छत्रपती १९०२ साली युरोपात गेले होते. रोमची प्राचीन रंगभूमी पाहून त्यांच्या मनात कोल्हापूरच्या खासबाग मैदानाची कल्पना आली, असे सांगितले जाते. १९१२ साली हे मैदान खुले झाले. मधोमध हौदा आणि भोवती चढत गेलेली मातीची बैठक, अशी त्याची रचना. दूर बसलेल्यालाही पुढच्याच्या पागोट्याचा अडथळा होऊ नये, ही त्यातली युक्ती. आपल्याकडे प्रेक्षकासाठी मुद्दाम बांधलेली ही एक थोर वास्तू होय. परंतु खासबागेच्या भोवती पेठेपेठेत तालमी होत्या. कुस्ती पाहून पेटलेला मुलगा दुसऱ्या दिवशी पहाटे लंगोट घेऊन कोठे जाईल, हे सांगावे लागत नव्हते.

त्याच सुमारास मुंबईच्या मैदानांवर क्रिकेटभोवती गर्दी जमू लागली होती. पारशी, हिंदू, मुसलमान आणि युरोपियन असे चौरंगी सामने १९१२ पासून होऊ लागले, आणि १९३७ साली त्यांचे पंचरंगी सामने झाले. पाळवणकर बाळू हा चर्मकार समाजातील गोलंदाज पुण्याच्या गोऱ्या साहेबांना सरावासाठी चेंडू टाकण्याच्या नोकरीतून वर आला. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. हिंदूंच्या संघात त्याच्यावाचून चालत नव्हते. तरी चहाच्या वेळी त्याला बाहेर वेगळ्या भांड्यात चहा देण्यात येई. कर्णधारपद त्याला कधीच मिळाले नाही. ते १९२३ साली त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल ह्याला मिळाले. हे जे घडले, त्यात हजारो डोळ्यांचा वाटा होता. बंद जिमखान्यात जो अन्याय खपून गेला असता, तो भर मैदानात हजारोंच्या देखत लपविणे कठीण झाले. पाहणे म्हणजे नुसते निष्क्रिय बसणे, असे जे आपण समजतो, ते सर्वस्वी बरोबर नाही, हे दाखविण्यासाठी एवढे एक उदाहरण पुरे आहे. अर्थात हीच गर्दी धर्माधर्मांत वाटली गेली होती, आणि १९४० साली गांधीजींनी जातीय संघांच्या ह्या सामन्यांना नापसंती दर्शविली होती, हेही विसरता येत नाही. १९४६ नंतर हे सामने झाले नाहीत.

पुढची पायरी नभोवाणीची. बॉबी तल्यारखान यांनी १९३४ साली चौरंगी सामन्याचे समालोचन केले, आणि मैदान प्रथमच मैदानाच्या बाहेर पडले. पुढे बाळ ज. पंडित यांच्या मराठी समालोचनाने ते घराघरांत नेले. ज्याने कधी बॅट हातात धरली नाही त्यालाही ‘यष्टी’, ‘षटक’, ‘पायचीत’ हे शब्द तोंडपाठ झाले. खेळणाऱ्यापासून ऐकणारा आता शेकडो मैलांवर गेला. पण येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. रेडिओ संच थोडे आणि ऐकणारे फार, म्हणून ऐकणे हे सार्वजनिक राहिले. हॉटेलच्या फळीवरचा संच, पानपट्टीवरचा ट्रान्झिस्टर, कचेरीत एकाने ऐकायचे आणि दहाजणांनी धावसंख्या विचारायची, अशी ती रीत होती. शरीराचे श्रम गेले, पण सोबत राहिली.

ह्याच काळात असा एक माणूस होऊन गेला, की ज्याचा पराक्रम आपल्यापैकी कोणीही डोळ्यांनी पाहिला नाही, आणि तरीही तो साऱ्या तालुक्याचा होता. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले, आणि गावोगावच्या लोकांनी पदरचे पैसे दिले. परत आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ज्यांनी ती कुस्ती पाहिली नव्हती, त्यांनी ती उभी केली होती. आज आपण शेकडो सामने पाहतो, पण त्यांतला एकही उभा करण्यात आपला हातभार नसतो, हा फरक लहान नाही.

दूरदर्शन मुंबईस १९७२ साली आले. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांनी चित्रात रंग भरले, आणि २५ जून १९८३ च्या रात्री लॉर्ड्‌सवरचा विजय लोकांनी शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात दाटीवाटीने बसून पाहिला. पुढे प्रत्येक घरी संच आला आणि ही दाटी आपोआप ओसरली. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय दिला. तो क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून निघालेल्या वादातच होता. सरकारी मक्तेदारी गेली, वाहिन्या आल्या, आणि प्रेक्षक हाच विकावयाचा माल झाला. २००८ साली इंडियन प्रीमियर लीग सुरू झाली, ती ह्याच हिशेबावर.

ह्या नव्या हिशेबाने आपल्या हुतूतूचेही रूप पालटले. २०१४ साली प्रो कबड्डी लीग मुंबईत सुरू झाली. मातीऐवजी मॅट आली, चढाई तीस सेकंदांत बांधली गेली, दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवावा नाहीतर बाद व्हावे, असा नियम आला. हे सारे पाहणाऱ्याची उत्कंठा क्षणभरही ढिली पडू नये म्हणून. जुन्या जाणत्यांना हे रुचले नाही. आमचे मत थोडे वेगळे आहे. ज्या खेळाला ‘गावंढळ’ म्हणून नाके मुरडली जात होती, त्या खेळातला शेतकऱ्याचा मुलगा आता खेळावर घर चालवू लागला, हे पडद्याने केले. खोखोचेही तसेच. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिली जागतिक खोखो स्पर्धा झाली आणि भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ विजयी झाले. दोन्ही संघांचे नेतृत्व महाराष्ट्राकडे होते. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला नवी मुंबईत भारतीय महिलांनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. तालमीचे दार जिला कधी उघडले नव्हते, त्या मुलीने हे सामने घरात बसून पाहिले. ह्या लाभाला आम्ही हलका म्हणणार नाही.

आता शेवटची पायरी. २०१६ नंतर मोबाईलवरील इंटरनेट एकाएकी स्वस्त झाले. २०२२ साली प्रीमियर लीगच्या पाच वर्षांच्या प्रक्षेपणहक्कांचा लिलाव झाला. त्यात भारतापुरत्या दूरचित्रवाणीच्या हक्कांना २३,५७५ कोटी रुपये आले, तर इंटरनेटवरील हक्कांना २३,७५८ कोटी. तळहातावरच्या पडद्याने भिंतीवरच्या पडद्याला मागे टाकले. पैसे लावून खेळावयाचे मोबाईलवरचे ‘खेळ’ही ह्याच वाटेने घरात शिरले. कित्येक घरे त्यात कर्जात बुडाली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांच्या अशा खेळांना बंदी केली.

आता ह्या साऱ्या पायऱ्या एकत्र पाहू. हौद्याचा काठ, खासबागेची बैठक, हॉटेलातला रेडिओ, शेजाऱ्याचा दिवाणखाना, स्वतःचे घर, आणि शेवटी स्वतःचा तळहात. प्रत्येक पायरीवर पाहणाऱ्यांची एकूण संख्या वाढली, आणि प्रत्येक पायरीवर एकत्र बसून पाहणाऱ्यांचा मेळावा लहान होत गेला. आज तो एकट्या माणसावर येऊन ठेपला आहे. आमच्या समजुतीप्रमाणे ह्या इतिहासातील मुख्य घटना ही आहे. खेळापासून माणसाला दोन गोष्टी मिळत, श्रम आणि सोबत. रेडिओने श्रम सोडविले, पण सोबत राखली. तळहातावरच्या पडद्याने दोन्हींची गरजच उरू दिली नाही.

श्रमांचे महत्त्व सिद्ध करण्यास फार दूर जावयास नको. १९५३ साली जेरी मॉरिस ह्या वैद्यकसंशोधकाने लंडनच्या दुमजली बसवरील चालक व वाहक यांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांना बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी होत असे. एकाच बसमधली, सारख्याच वस्त्यांत राहणारी ही माणसे. फरक मुख्यतः बसण्याचा आणि चढण्याचा. आरंभी सांगितलेल्या पाहणीत आणखी एक आकडा आहे. तिच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली अपुऱ्या हालचालीचे प्रमाण भारतीय पुरुषांत शेकडा ४२, तर स्त्रियांत ५७ होते. स्त्रिया पुरुषांहून अधिक मोबाईल पाहतात म्हणून हे झाले, असे कोणी म्हणणार नाही. तिला संध्याकाळचा तास मोकळा नाही, आणि मोकळा असला तर जावयास जागा नाही. येथे ‘मोबाईलने खेळ मारला’ ह्या उत्तराचा लंगडेपणा उघड होतो.

यावर कोणी म्हणेल, की शहरात जागा कोठून आणावयाची? त्यास आमचे उत्तर मोजमापाचे आहे. कबड्डीच्या पुरुषांच्या मैदानाला १३ मीटर लांबी आणि १० मीटर रुंदी लागते. खोखोला २७ बाय १६ मीटर पुरते. मांडव घालण्यास, मोटारी उभ्या करण्यास आणि प्रदर्शने भरविण्यास आपल्याला याहून कितीतरी मोठ्या जागा सापडतात. अडचण जागेची नाही, त्या जागेवर कोणाचा हक्क आधी धरावयाचा ह्याची आहे. नगरपालिकेने शाळांची मैदाने संध्याकाळी दोन तास उघडी ठेवावीत. त्यांतला एक तास मुलींचा आणि स्त्रियांचा असावा. दिवे असावेत आणि लक्ष देणारे एक जाणते माणूस असावे. ह्यात अशक्य काय आहे?

आणि पडद्यालाही कामाला लावता येते. गावोगावच्या टेनिसबॉलच्या सामन्यांचे थेट प्रक्षेपण तरुण मुले आज एका मोबाईलवर करतात. परगावी नोकरीला गेलेला मुलगा आपल्या आळीचा सामना तेथून पाहतो. हे पाहणे त्याला गावाशी जोडते, कारण पडद्याच्या पलीकडे खरे मैदान आहे आणि त्यावर ओळखीची माणसे आहेत. खासबाग पाहून मुलगा तालमीत गेला, कारण तालीम पेठेत होती. आज सामना पाहून कोणाची तरी मुलगी उठते आणि चप्पल पायात घालते. तिने कोठे जावे, ह्याचे उत्तर आपल्या गावाने द्यावयाचे आहे.