अर्धा इंच म्हणजे नेमका किती?

शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ही माशांची मोठी काचपेटी ठेवली, तेव्हा तिच्याखाली दुसरी टाकी बसवायचे ठरले. वरचे पाणी खाली यावे, स्पंज आणि खडीतून गाळले जावे आणि छोट्या पंपाने पुन्हा वर जावे, अशी योजना. खालच्या टाकीला भोक पाडून बसवायचा जोड एका माजी विद्यार्थ्याने अमेरिकेहून पाठवला होता. त्यावर लिहिले होते, अर्धा इंच. आम्ही नगरच्या बाजारातून अर्धा इंची प्लॅस्टिकचा निपल आणला, टेफ्लॉनची पट्टी गुंडाळली आणि फिरवला. चार वेढे सहज गेला. शनिवारी आम्ही निश्चिंतपणे घरी गेलो.

सोमवारी खोलीत पाणीच पाणी. खालची टाकी रिकामी, पंप कोरडाच घुरघुरत होता. मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडमीट करत होते. तीन मेले होते. मुलांचा प्रश्न सरळ होता: दोन्ही अर्धा इंची, मग गळले कुठून?

अमेरिकेहून आलेल्या सामानात एक आखूड निपलही होता. तो आणि आपला निपल, दोन्ही कागदावर आडवे दाबून आम्ही वरून पेन्सिल घासली. आट्यांचे ठसे उमटले. एका इंचात आटे मोजले: इकडे 14, तिकडेही 14! कोडे आणखीच अवघड झाले. मग एका मुलीने भिंग आणले. आपल्या निपलच्या आट्यांची टोके गोलसर होती, अमेरिकन आट्यांची तासल्यासारखी चपटी. व्हर्नियरने जाडी मोजली, तर त्यातही थोडा फरक.

हा फरक आला कुठून, हे पाहायला थोडे मागे जावे लागते. आटे नव्हते तेव्हा नळ कसे जोडत? त्याचे उत्तर आमच्या पायाखालीच आहे. 1490 मध्ये वसलेल्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, निजामशाहीत कापूरवाडी, शेंडी, भिंगार अशा आसपासच्या भागांतून खापरी नळांनी पाणी येई. 1583 मध्ये पुरा झालेला फराहबाग तर भर तलावात उभा होता. खापरी नळ म्हणजे कुंभाराने भाजलेली मातीची नळी. तिचे एक तोंड अरुंद, दुसरे रुंद. अरुंद तोंड पुढच्या नळीच्या रुंद तोंडात सारायचे आणि मधली फट चुन्याने बुजवायची. प्रत्येक नळी थोडी कमीजास्त असली तरी बिघडत नसे, कारण फट ही तिथे चूक नव्हती, ती चुन्याची जागा होती. अडचण एवढीच, की असा जोड फोडल्याशिवाय सुटत नाही.

आट्यांचे तसे नाही. काटकोन त्रिकोणी कागद पेन्सिलीभोवती गुंडाळून मुलांना दाखवा, त्याची तिरकी कड म्हणजेच आटा. हा उतार घट्ट बसतो आणि हवा तेव्हा सुटतोही. मात्र दोन्ही बाजूंचा उतार आणि आकार एकच हवा. इथे फट चालत नाही.

लोखंडी नळांना आटे पाडण्याची गरज वाढली ती इंग्लंडात, गॅसच्या दिव्यांमुळे. सुरुवातीला जुन्या बंदुकांच्या नळ्याच एकमेकींना जोडून गॅस नेत. बंदुकीची नळी म्हणजे बॅरल. आपले दुकानदार आजही 'बॅरल निपल' म्हणतात तो शब्द तिथला. त्या काळी नळाची जाडी खूप असे, म्हणून अर्धा इंची नळाचे आतले भोक खरोखर अर्ध्या इंचाच्या आसपास होते. पुढे लोखंड सुधारले, पत्रा पातळ झाला, पण जुने जोड बसावेत म्हणून बाहेरचा व्यास तसाच ठेवला. आज अर्धा इंची लोखंडी नळाचे भोक सुमारे 16 मिलिमीटर भरते आणि आट्यांचा बाहेरचा व्यास 20.955 मिलिमीटर. अर्धा इंच म्हणजे 12.7! मोजपट्टी लावून हे नाव कुठेच सापडत नाही.

1841 मध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी निरनिराळ्या कारखान्यांतले स्क्रू गोळा करून, त्यांची सरासरी काढून 55 अंशांचा आटा सुचवला. त्याच कोनावर नळांचे ब्रिटिश मानक 1905 मध्ये आले. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी 1864 मध्ये 60 अंश आणि चपटी टोके पसंत केली, कारण असा आटा कापायला सोपा. रॉबर्ट ब्रिग्ज यांचे नळांचे आटे तिथे 1886 मध्ये मानक ठरले. अर्ध्या इंचाला दोघांनीही 14 आटे घेतले, पण अमेरिकन व्यास 21.3 मिलिमीटर. एक इंचाला ब्रिटिश 11, अमेरिकन साडेअकरा. तिथे जोड लवकरच अडतो आणि चूक कळते. अर्धा इंच मात्र गोडीगुलाबीने आत जातो आणि टोकांशी राहिलेल्या गोल गोल फटीतून पाणी बाहेर येते. आम्हाला ह्याच सोपेपणाने फसवले.

असे फसण्याची किंमत कधी फार मोठी असते. फेब्रुवारी 1904 मध्ये बाल्टिमोर शहर जळत होते. मदतीला वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कहून बंब धावले, पण अनेकांच्या नळ्या तिथल्या रस्त्यावरच्या तोट्यांना बसेनात. पाणी होते, माणसे होती, तरी 1,500 हून अधिक इमारती गेल्या.

आपल्याकडे रेल्वे आणि गॅसबरोबर ब्रिटिश आटे आले. 1956 च्या कायद्याने देश मेट्रिक झाला, पण आयएस 554 ह्या भारतीय मानकात नळांचे आटे तेच राहिले. जुने नळ उखडून टाकायचे कोण?

आम्ही अमेरिकन जोड काढून स्थानिक टाकी-निपल बसवला. त्याचे आटे सरळ असतात, ते पाणी अडवत नाहीत, फक्त नट आवळतात. पाणी अडवते ती रबरी चकती, आणि ती टाकीच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या अंगाला हवी. त्या आट्यांवर टेफ्लॉन गुंडाळून काही साधत नाही. ह्या वेळी चाचणी शुक्रवारी घेतली, खाली कोरडे वर्तमानपत्र पसरून. शनिवारी ते कोरडेच होते. अमेरिकन जोड आता भिंगाशेजारी कपाटात आहे, ठसे काढायला.