जुन्या नौकेंतील मृत यंत्र व त्याचा पालट

खानदेशास समुद्रकिनारा नाहीं. तरीहि नौकेच्या यंत्राचा विषय धुळें-जळगांवच्या संग्राहकांपुढें मांडण्यास आम्हांस एक कारण दिसतें. डांगचीं सागवानी अरण्यें इंग्रजांनीं सन १८४२ मध्यें भिल्ल राजांकडून पट्ट्यानें घेतलीं, तीं जहाजबांधणीच्या लांकडासाठीं. आणि त्या मुलखाची देखरेख पुष्कळ काळ खानदेशच्या कलेक्टराकडे होती. जहाजाच्या इतिहासाचा एक धागा असा आमच्या डोंगरांपर्यंत येतो.

सागवानी जहाजांत लांकूड व यंत्र यांचें आयुष्य सारखें नसतें. 'कॉर्नवॉलिस' हें शिडाचें लढाऊ जहाज मुंबईच्या गोदींत १८१३ सालीं पाण्यांत सोडलें. १८४२ चा नानकिंगचा तह ह्याच जहाजावर झाला. १८५५ त त्यांत वाफेचें यंत्र व पंखा बसविला. पण १८६५ त तें इंग्लंडांतील शिरनेस येथें धक्का म्हणून उभें केलें गेलें. यंत्राची कामगिरी दहा वर्षांत आटोपली. सागाची काया मोडली ती १९५७ सालीं!

दुसरें उदाहरण अलीकडील. 'सुहैली' ही बत्तीस फुटी सागवानी नौका मुंबईसच बांधून डिसेंबर १९६४ त पाण्यांत उतरविली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे तिच्यांतून १४ जून १९६८ रोजीं फाल्मथहून निघाले, व कोठेंहि बंदर न घेतां एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजीं तेथेंच परतले. असें करणारे ते पहिले. ह्या प्रवासांत यंत्र जाम झालें. उरलेला मार्ग शिडांवरच काटला.

यंत्र मरतें तें बहुधा आळसानें. खारी हवा व पाणी धुराच्या नळींतून आंत शिरतें. कांहीं आठवडे यंत्र फिरविलें नाहीं म्हणजे दट्ट्याच्या कड्या गंजून नळकांड्यास चिकटतात. तें धूड बाहेर काढण्यास कित्येकदां वरच्या फळ्या उचकटाव्या लागतात. नवें यंत्र हलकें असल्यास नौकेचा तोल बदलतो. पण खरी परीक्षा पंख्याच्या दांड्याची. यंत्र व दांडा एका रेषेंत नसतील तर हादऱ्यानें सांधे सुटतात. आणि लांकडी नौका पाण्यांत किंचित् वाकत असल्यामुळें किनाऱ्यावर केलेली जुळणी पाण्यांत पुन्हां तपासावी लागते.

यंत्र पालटल्यावर नौका तीच राहते काय? आमच्या मतें राहते. पोथींतील गहाळ पत्र पुढील लेखकानें लिहून घातलें म्हणून पोथी बाद होत नाहीं. मात्र तें पत्र मागाहूनचें, एवढी नोंद हवी. नौकांच्या बाबतींत हीच नोंद प्रथम नष्ट होते. जुनें यंत्र भंगारांत जातें, त्याचा क्रमांक व दुरुस्तीचीं बिलें रद्दींत. बखरी जपणाऱ्यांनीं हे तेलकट कागदहि हातचे जाऊं देऊं नयेत.

जपणुकीचाहि अतिरेक होतो, हें येथें सांगणें प्राप्त आहे. 'सुहैली' कांहीं वर्षें ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयांत ठेविली होती. तेथील नियंत्रित हवेनें तिच्या फळ्या आकसूं लागल्या. तेव्हां मालकानें तिला बाहेर काढून दुरुस्त केलें, आणि २०१८ च्या जूनमध्यें, पन्नास वर्षांनीं, ती फाल्मथच्या पाण्यावर पुन्हां शिडें उभारून निघाली.