भेंडीचं बी कुणाच्या हातात?

शाळेत आपण राजे-महाराजांचा इतिहास शिकलो. पण ताटातल्या भाजीलाही इतिहास असतो, आणि त्यात बायकांचे हात जास्त असतात. आज आपण भेंडीचा इतिहास बघू.

भेंडीचं फूल नीट पाहिलंय का? फिक्या पिवळ्या पाच पाकळ्या आणि आत गडद लालसर डोळा. आता अंबाडीचं, कापसाचं, जास्वंदीचं फूल आठवा. मधोमध एक दांडी आणि तिच्यावर परागाचे बारीक दाणे. ही सगळी एकाच कुळातली. भेंडी चिरताना हाताला तार लागते, तशीच जास्वंदीचा पाला कुस्करला की लागते. या एका कुळानं आपल्याला भाजी दिली, दोर दिला, अंगावरचं लुगडं दिलं आणि गणपतीला वाहायचं फूलही दिलं.

आधी अंबाडीचं सांगते. आपल्याकडे पिकाच्या कडेनं अंबाडीच्या ओळी असायच्या. कोवळ्या पाल्याची भाजी व्हायची, त्यात ज्वारीच्या कण्या आणि वरून लसणाची फोडणी. झाड जून झालं की पेंढ्या बांधून पाण्यात कुजत घालायच्या, मग साल सोलून वाख काढायचा. त्या वाखाचे दोर, दावी, कासरे व्हायचे. इंग्रज व्यापारी तर अंबाडीला ‘डेक्कन हेम्प’ म्हणजे दख्खनचा ताग म्हणत. पुढे नायलॉनचा दोर आला. वाख गेला, भाजी तेवढी उरली.

कापसाची गोष्ट मोठी आहे, थोडक्यात सांगते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेतकऱ्यांना कर्जही सहज मिळू लागलं. युद्ध संपलं, भाव पडला, कर्ज मात्र तसंच राहिलं. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावापासून सावकारांविरुद्ध दंगे सुरू झाले, त्यामागे दुसरी कारणं होती तसं हेही एक होतं. तेव्हा भाव दुसऱ्याच्या हातात होता, पण बी आपल्याच घरात होतं. २००२ साली बीटी कापूस आला, आणि थोड्याच वर्षांत देशी कापसाचं घरचं बी जवळजवळ दिसेनासं झालं.

आता भेंडी. तिचं माहेर आफ्रिका की आपला देश, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. पण आफ्रिकेतल्या बायकांच्या हातची ती फार जुनी भाजी. तिथल्या लोकांना गुलाम करून जहाजांतून अमेरिकेला नेलं, तेव्हा भेंडीही समुद्रापार गेली. इंग्रजीतला ‘ओक्रा’ हा शब्दसुद्धा पश्चिम आफ्रिकेतल्या भाषेतून आलेला आहे. माणसांचं सगळं हिरावून घेतलं, तरी भाजी आणि तिचं नाव टिकलं.

आपल्याकडे भेंडीचा मोठा शत्रू म्हणजे केवडा. काही गावांत त्याला हळद्या म्हणतात. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, मग फळंही पिवळी आणि निबर होतात. पांढरी माशी हा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. मुंबई इलाख्यात या रोगाची नोंद १९२४ साली झाली, म्हणजे दुखणं शंभर वर्षांचं आहे. १९६० च्या सुमारास दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेनं ‘पुसा सावनी’ हे वाण दिलं. ते देशभर पसरलं, पण काही वर्षांनी त्यावरही केवडा पडू लागला.

मग उपाय निघाला आपल्या परभणीत. तिथल्या कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर या शास्त्रज्ञांनी भेंडीच्या एका भाऊबंदाकडे पाहिलं. ही जात आफ्रिकेतल्या घाना देशातून आलेली, आणि तिच्यावर केवडा पडत नव्हता. तिचा पुसा सावनीशी संकर केला. पहिल्या पिढीत बी नीट धरेना. तरी त्यांनी पुन्हा पुन्हा भेंडीशी संकर करून, पिढ्यान्‌पिढ्या झाडं निवडली. त्यातून १९८५ च्या सुमारास ‘परभणी क्रांती’ हे वाण आलं. आता तिच्यावरही केवडा दिसतो, कारण रोगही बदलत राहतो. म्हणून ती जादूची कांडी नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या: ते सरळ वाण आहे, संकरित नाही.

याचा अर्थ काय? संकरित बियाण्याचं पाकीट आणलं तर पीक जोमात येतं, पण त्याचं बी धरून पुढच्या वर्षी पेरलं तर झाडं एकसारखी येत नाहीत. दरवर्षी पाकीट घ्यावंच लागतं. सरळ वाणाचं बी घरी धरता येतं. आणि हा आपला हक्क आहे. २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी राखायची, पेरायची, दुसऱ्याला द्यायची आणि विकायचीही मुभा दिली आहे. फक्त नोंदणी झालेल्या वाणाचं बी ब्रँडच्या नावानं पाकिटात भरून विकायचं नाही.

आमच्या गटाच्या बैठकीत एक आजी म्हणाल्या, “बी विकत आणायला लागलो तेव्हापासून आम्ही झाडाकडे बघायचं सोडलं.” मला ते पटलं. बी धरायचं तर रोज झाडाकडे बघावं लागतं. केवड्याचं झाड दिसलं की उपटायचं. निरोगी, भरपूर फळं धरणाऱ्या झाडांना लाल दोरा बांधायचा आणि त्यांची भेंडी तोडायची नाही. शेंगा झाडावरच वाळून तडकू लागल्या की काढायच्या, बी सावलीत वाळवायचं, राख लावून कोरड्या डब्यात ठेवायचं. मधमाशी पराग इकडून तिकडे नेते, म्हणून शेजारी दुसऱ्या वाणाची भेंडी नको.

प्रत्येक गटानं या खरिपात दोन ओळी फक्त बियाण्यासाठी ठेवाव्यात. डब्यावर वाणाचं नाव, वर्ष आणि बी कुणी धरलं तिचं नाव लिहा. एवढा इतिहास सांगितला, त्यात शास्त्रज्ञांची नावं सापडली. पण हजारो वर्षं बी राखणाऱ्या बायकांचं एकही नाव सापडलं नाही. निदान आपली नावं तरी डब्यावर राहू द्या.