मागे आलेला घोडा

बुद्धिबळात पुढे झेपावणाऱ्या मोहऱ्यांचं कौतुक सगळेच करतात. मला मात्र आज एका मागे आलेल्या घोड्याविषयी बोलायचं आहे.

साल १९७२. आइसलँडची राजधानी रेक्याविक इथे बोरिस स्पास्की आणि बॉबी फिशर यांच्यात जगज्जेतेपदाचा सामना चालू होता. १९४८ पासून हे पद सोव्हिएत खेळाडूंकडेच होतं. पण दहा डावांनंतर अमेरिकेचा फिशर साडेसहा विरुद्ध साडेतीन असा पुढे होता. चोवीस डावांच्या सामन्यात तीन गुणांची पिछाडी म्हणजे पद हातचं गेल्यातच जमा.

६ ऑगस्टला अकरावा डाव झाला. पांढरी मोहरी स्पास्कीकडे होती. फिशरने सिसिलियन बचावातला आपला लाडका, धारदार प्रकार निवडला : ‘विषारी प्यादं’. यात काळा वजीर एकटाच पांढऱ्याच्या गोटात शिरून एक प्यादं खातो आणि पांढरा तेवढ्या वेळात हल्ला उभारतो. खाल्लेलं पचेल का, एवढाच प्रश्न! सातव्या डावात फिशरला ते पचलं होतं; तो डाव बरोबरीत सुटला.

तीन गुणांनी मागे पडलेला माणूस चिडून धावून जाईल, असं कुणालाही वाटेल. स्पास्कीने चौदाव्या खेळीला घोडा उचलला आणि तो जिथून निघाला होता त्याच घरात नेऊन ठेवला. हा डाव मी घरच्या पटावर पहिल्यांदा मांडला, तेव्हा खेळी चुकीची छापली असावी असं वाटून पान पुन्हा तपासलं. मग उमगलं. घोडा तिथून थेट वजिरावर नेम धरत होता. वजीर सरकला, पण त्याच्या वाटा एकेक करून बंद होत गेल्या. पंचविसाव्या खेळीला त्याला मारलं ते एका साध्या प्याद्याने! एकतिसाव्या खेळीनंतर फिशरने डाव सोडला.

सामना मात्र वाचला नाही. १ सप्टेंबरला स्पास्कीने फोनवरून शेवटचा डाव सोडला आणि फिशर साडेबारा विरुद्ध साडेआठ असा जगज्जेता झाला. पण पंधराव्या डावात फिशर पुन्हा तोच बचाव खेळला, तेव्हा त्या प्याद्याला त्याने हात लावला नाही. हरलेल्या माणसाने जिंकणाऱ्याला एवढा धाक घातला होता.

फेब्रुवारी २०२५ मध्ये स्पास्कीच्या निधनाची बातमी वाचली. त्या संध्याकाळी मी पट काढला, डाव मांडला आणि तो घोडा पुन्हा एकदा त्याच्या घरी ठेवला.